लॉटरी लागली, आता काय? तिकिटावरच्या सहीपासून आयकर विवरणपत्रापर्यंत

‘लॉटरी लागली तर काय करशील?’ असं कुणालाही विचारा, उत्तर तोंडावर तयार असतं. कर्ज फेडीन, घर बांधीन, मुलीचं शिक्षण, साहेबांच्या टेबलावर राजीनामा. ‘आधी पॅन आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते बघीन’ असं कुणी म्हणत नाही. आमच्या मामांना बक्षीस लागलं आणि कागदपत्रांची सगळी धावपळ माझ्याकडे आली, तेव्हा कळलं की यादीतली स्वप्नं आणि हातात येणारे पैसे यांच्यामध्ये बऱ्याच आठवड्यांचं काम असतं. लोकांचे पैसे गाडी घेण्यात जातात त्याहून जास्त या मधल्या काळातल्या घाईत जातात.

पुढचं सगळं राज्य सरकारांच्या कागदी लॉटरीबद्दल आहे. केरळने १९६७ मध्ये देशात पहिल्यांदा अशी लॉटरी सुरू केली, महाराष्ट्राची १९६९ पासून चालू आहे. बक्षीस छोटं असेल, म्हणजे काही हजारांचं, तर विक्रेत्याकडे किंवा तिकिटामागे सांगितलेल्या ठिकाणी जा, पैसे घ्या आणि हा लेख सोडून द्या. लाखांत असेल तर वाचा.

१. आधी खात्री: लागली ती लॉटरी की थाप?

तिकीट तुम्ही विकत घेतलेलं आहे का? नसेल तर लॉटरी लागलेली नाही. विषय इथेच संपतो. ‘तुमच्या मोबाइल नंबरला केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली’ असे व्हॉट्सॲप मेसेज वर्षानुवर्षं फिरत आहेत आणि त्यात शिकलेसवरलेली माणसंही अडकली आहेत. मोबाइल नंबरला लॉटरी लागत नाही. परदेशी लॉटरी लागल्याचा ईमेल आला तरी तेच. परदेशी लॉटरीचं तिकीट घेण्यासाठी भारतातून पैसे पाठवायलाच परकीय चलनाच्या नियमांनी बंदी आहे.

दुसरी खूण म्हणजे ‘आधी पैसे भरा’. प्रोसेसिंग फी, जीएसटी, कस्टम, बँक चार्ज, नाव काहीही असो. खऱ्या लॉटरीत कर बक्षिसाच्या रकमेतून कापून उरलेले पैसे खात्यात येतात. याला एकच अपवाद आहे. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल, समजा मोटार, तर तिच्या किमतीवरचा कर ताब्यात घेण्याआधी भरावा लागू शकतो. पण तो सरकारी चलनाने भरायचा, कुणाच्या यूपीआय नंबरवर नाही. पैसे गेलेच असतील तर लाज बाजूला ठेवून लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

केरळच्या लॉटरीचं तिकीट ‘ऑनलाइन’ किंवा व्हॉट्सॲपवरून घेतलं असेल तर तिथेही सावध व्हा. केरळ सरकार ऑनलाइन तिकिटं विकत नाही. तुमच्याकडे आहे तो बहुतेक फक्त एक फोटो आहे, आणि फोटोवर बक्षीस मिळत नाही.

तिकीट खरं असेल तर निकाल अधिकृत यादीत तपासा. वर्तमानपत्रात एखादा आकडा चुकीचा छापला जाऊ शकतो. मालिका, अक्षरं, आकडे आणि सोडतीची तारीख सगळं जुळायला हवं. नुसता आकडा जुळला आणि मालिका वेगळी असेल तर पहिलं बक्षीस नाही. कदाचित उत्तेजनार्थ असेल.

२. तिकीट सांभाळा

सही होईपर्यंत ते तिकीट ज्याच्या हातात, तोच त्याचा मालक समजला जाण्याचा धोका असतो. म्हणून पहिलं काम: तिकिटामागे नाव, पूर्ण पत्ता आणि सही. नाव पॅनकार्डावर आहे तसंच्या तसं लिहा. मग दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा, स्वतःच्या मोबाइलमध्ये फोटो ठेवा आणि मूळ तिकीट लॉकरमध्ये.

काय करायचं नाही तेही सांगतो. लॅमिनेशन करू नका. पिन किंवा स्टेपल मारू नका. बारकोडवर घडी पडू देऊ नका. खिशात ठेवून कपडे धुवायला टाकू नका (हसू नका). फाटलेलं, खाडाखोड झालेलं तिकीट नाकारलं जाऊ शकतं. आणि त्याचा फोटो स्टेटसवर तर अजिबात नको.

तिकीट चारचौघांनी वर्गणी काढून घेतलं असेल तर गंमत वेगळीच. ऑफिसात हे सर्रास चालतं. एकाने आपल्या नावावर पूर्ण बक्षीस घेतलं आणि मग बाकीच्यांना हिस्से दिले, तर कर एकदा त्याच्या नावावर कापला जातो, आणि मित्रांना दिलेले पैसे ‘भेट’ धरले गेले तर त्यांच्या हातात पुन्हा करपात्र होतात. म्हणून हिस्सेदारी आधीच कागदावर हवी. नसेल तर निदान दावा करतानाच सगळ्यांची नावं, प्रत्येकाचा हिस्सा आणि पॅन लेखी द्या, आणि ते कसं द्यायचं हे लॉटरी कार्यालयाला विचारूनच करा.

३. तोंड बंद ठेवा

घरातल्या दोघा-तिघांपलीकडे कुणाला सांगू नका. २०२२ च्या ओणम बंपरमध्ये केरळातल्या एका रिक्षाचालकाला २५ कोटींचं पहिलं बक्षीस लागलं. मदत मागणाऱ्यांनी दारात एवढी गर्दी केली की घरी राहणं मुश्कील झालं, असं त्यांनीच जाहीरपणे सांगितलं. त्यानंतर केरळ सरकारने मोठ्या विजेत्यांसाठी पैशाच्या नियोजनाचं प्रशिक्षण सुरू केलं.

विक्रेत्याला तुमचं नाव हवंच असतं. ‘आमच्या दुकानातून कोटीचं बक्षीस’ असा फलक लावला की त्याचा धंदा वाढतो, त्यात त्याचं काही चुकत नाही. पण फलकावर तुमचा फोटो असलाच पाहिजे असं नाही. स्पष्ट नाही म्हणा. कार्यालयालाही नाव गुप्त ठेवण्याची विनंती लेखी द्या. ती मान्य होईलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर नाहीच होणार.

याच काळात एखादा ‘शेठ’ गाठतो. म्हणतो, तिकीट मला द्या, कराची कटकट नको, कोटीच्या तिकिटाचे पंचाहत्तर लाख रोख देतो. पुढे कराचा हिशेब दिलाय, तो बघितलात तर हा सौदा मोहाचा का वाटतो ते कळेल. हा काळा पैसा पांढरा करण्याचा जुना मार्ग आहे. त्याचा पैसा स्वच्छ होतो आणि हिशेब न देता येणारी रोकड तुमच्या घरात येते. बँकेत भरली तर कर, दंड आणि चौकशी. शिवाय मनी लॉन्ड्रिंगच्या गुन्ह्यात तुमचं नाव. एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं मुळात कायद्याने चालत नाही.

४. कागदपत्रं जमवा

राज्याराज्यांत थोडा फरक असतो, म्हणून तिकिटामागचा मजकूर भिंग घेऊन वाचा आणि कार्यालयात फोन करून यादी पक्की करा. साधारण हे लागतं:

- मूळ तिकीट, मागे नाव-पत्ता-सहीसह, आणि दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स
- बक्षीस मागणीचा अर्ज (कार्यालयात किंवा त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो)
- पॅनकार्ड आणि आधारकार्ड, स्वसाक्षांकित प्रतींसह
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान
- महसूल तिकीट लावून सही केलेली पावती

अडतं कुठे? नावात. पॅनवर ‘दत्तात्रय’, आधारवर ‘दत्तात्रेय’, बँकेत ‘दत्तू’ अशी तऱ्हा असेल तर दावा करण्याआधी दुरुस्तीला लागा. पॅन-आधार जोडणी झालेली नसेल तर तीही आधी करा. पॅनच नसेल तर आजच अर्ज टाका, कारण कापलेला कर पॅनवरच जमा दिसतो. आणि बँक खातं केवायसी पूर्ण असलेलं हवं. काही जणांचं खातं ‘छोटं खातं’ या प्रकारातलं असतं, त्यात वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही.

५. दावा मुदतीत करा

कागद जमवता जमवता मुदत निघून जाऊ देऊ नका. केरळात ती सोडतीपासून ३० दिवसांची आहे. तुमच्या तिकिटाची मुदत मागे छापलेली असते, तीच खरी. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यानुसार मुदतीत न मागितलेलं बक्षीस सरकारजमा होतं. नावाची दुरुस्ती वेळेत होणार नसेल तर अर्ज आधी देऊन टाका आणि दुरुस्तीची पावती सोबत जोडा.

कार्यालयात शक्यतो स्वतः जा, सोबत विश्वासाचं एक माणूस घ्या. दलाल नको. तिकीट हातातून सोडताना पोच घ्या, तिच्यावर तिकीट क्रमांक, तारीख आणि शिक्का आहे ना ते बघा. मग पडताळणी होते, तिला वेळ लागतो. रोज फोन करून काही लवकर होत नाही.

६. कर: इथे नीट बसून वाचा

बक्षीस १०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर ३० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, वजा करूनच पैसे येतात. बहुतेकांना वाटतं की कर संपला. तो संपलेला नसतो.

लॉटरीच्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर आहे. तुमचं बाकीचं उत्पन्न शून्य असलं तरी करमुक्त मर्यादेचा फायदा या रकमेला मिळत नाही. कर वाचवण्यासाठी केलेली ८०सी कलमाखालची गुंतवणूक, विम्याचा हप्ता, देणगी, यातलं काही वजा होत नाही. मामांनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला होता, ‘अरे, इतकी वर्षं न लागलेली तिकिटं घेतली त्यांचा खर्च तरी धरतील का?’ नाही धरत.

या ३० टक्क्यांवर, एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की अधिभार येतो. एक कोटीपर्यंत कराच्या १० टक्के, त्यापुढे दोन कोटीपर्यंत १५ टक्के, त्याच्याही पुढे (नव्या करप्रणालीत) २५ टक्के. या सगळ्यावर ४ टक्के उपकर. टीडीएस कापताना मात्र फक्त ३० टक्केच कापलेले असतात.

दुसरं काहीच उत्पन्न नसलेल्या माणसाला एक कोटी लागले असं धरू.

- ३० टक्के कर: ३० लाख
- त्यावर १० टक्के अधिभार: ३ लाख
- ३३ लाखांवर ४ टक्के उपकर: १ लाख ३२ हजार
- एकूण कर: ३४ लाख ३२ हजार
- खात्यात आलेले: ७० लाख
- अजून भरायचे: ४ लाख ३२ हजार
- खरोखर तुमचे: ६५ लाख ६८ हजार

म्हणजे ७० लाख दिसले तरी त्यातले सव्वाचार लाखांहून जास्त सरकारचे आहेत. लोक हे ७० लाख वाटून टाकतात, आणि नंतर नोटीस आली की व्याजासकट भरायला मुदत ठेव मोडतात. पैसे आल्याच्या दिवशीच ही रक्कम वेगळ्या खात्यात टाका. केरळच्या लॉटरीत कर कापण्याआधी एजंटचं कमिशनही बक्षिसातून वजा होतं, तेव्हा तिथला हिशेब आणखी खाली येतो.

उरलेला कर विवरणपत्रापर्यंत थांबवायचा नसतो, आगाऊ कर म्हणून भरायचा असतो. हप्त्यांच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. बक्षीस लागल्यानंतर जो हप्ता येईल त्यात भरलात तर आधीच्या हप्त्यांबद्दल व्याज लागत नाही. १५ मार्चनंतर लागलं तर ३१ मार्चपर्यंत भरा. वय ६० किंवा जास्त असेल आणि धंद्याचं उत्पन्न नसेल तर आगाऊ कर लागू नाही, मग विवरणपत्र भरण्याआधी भरला तरी चालतो. आमच्या मामांचं असंच झालं.

लॉटरी कार्यालयाकडून टीडीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि काही महिन्यांनी २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, ती रक्कम दिसते का ते तपासा. दिसत नसेल तर कार्यालयाकडे पाठपुरावा करा. कापलेला कर तुमच्या पॅनवर आला नाही तर पुढे सगळंच अडतं. एका बैठकीसाठी सीएची फी जरूर द्या, या सगळ्या खर्चात ती सर्वांत स्वस्त.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: त्या वर्षाचं उत्पन्न कागदावर फुगतं. घरात कुणाला ‘लाडकी बहीण’चा हप्ता येत असेल तर कुटुंबाची अडीच लाखांची उत्पन्न मर्यादा आणि ‘घरात करदाता नको’ ही अट आठवा. पीएम किसानमध्येही करदात्याला लाभ मिळत नाही. स्वतःहून कळवलेलं बरं, नाहीतर पुढे वसुली मागे लागते.

७. पैसे आले: पहिले तीन महिने काहीही करू नका

अक्षरशः काहीही. मुदत ठेवीत टाका आणि बसून राहा.

फक्त एकाच बँकेत सगळे नकोत. बँक बुडाली तर ठेव विम्याचं संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंतच आहे, मुद्दल आणि व्याज धरून. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवले तरी ते एकच धरतात. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते, हे आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. जादा अर्धा टक्का देणाऱ्या पतपेढीचा मोह या काळात टाळा. पतपेढीतल्या ठेवींना हा विमा नसतो.

खात्यात मोठी रक्कम दिसली की बँकेतून गोड आवाजात फोन येतो. मॅनेजर चहा पाजतो. ठेव म्हणून जे पुढे करतात ती कधी कधी विमा पॉलिसी असते, दरवर्षी हप्ता भरायची. सही करण्याआधी एकच विचारा, ‘यात मला पुढच्या वर्षी पुन्हा पैसे भरावे लागतील का?’ सही झालीच असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. सल्ला हवाच असेल तर सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी असलेला, फी घेऊन सल्ला देणारा गुंतवणूक सल्लागार गाठा.

राजीनामा देण्याआधी हा हिशेब करा. वरच्या उदाहरणातले ६५ लाख ६८ हजार साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला साधारण साडेपस्तीस हजार सुटतात. ते व्याजही करपात्र. महागाई दरवर्षी वाढणार, व्याज तेवढंच राहणार. एका कोटीत नोकरी सुटत नाही, फार तर साहेबांची भीती कमी होते. तीही काही कमी गोष्ट नाही.

८. आता ती यादी बाहेर काढा

कर्ज. सावकार, क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्ज आधी, मग सोनेतारण, गृहकर्ज सगळ्यात शेवटी. बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक दंड लावू शकत नाही. फेडल्यावर ना-देय प्रमाणपत्र घ्या. मालमत्तेची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शेतजमीन तारण असेल तर सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्या. बँक पत्र देते, पण तलाठ्याकडे तुम्हालाच जावं लागतं.

नातेवाईक. आईवडील, मुलं, भाऊ, बहीण यांना दिलेल्या भेटीवर त्यांना कर नाही. मित्राला वर्षात ५०,००० पेक्षा जास्त दिले तर ती सगळी रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाते. बायकोच्या नावावर ठेवलेल्या पैशाचं व्याज तुमच्याच उत्पन्नात मोजतात. घरात बसून एक आकडा ठरवा, एवढेच वाटायचे. तो संपला की संपला. हातउसने मागणाऱ्याला द्यायचेच असतील तर परत येणार नाहीत असं धरून द्या. परत हवेच असतील तर चेकने द्या आणि लिहून घ्या. २०,००० किंवा त्याहून जास्तीचं कर्ज रोखीने देणं-घेणं चालत नाही.

घर. फ्लॅट असेल तर महारेराची नोंदणी, जागा असेल तर सातबारा, फेरफार आणि वकिलाकडून मालकीहक्काचा शोध. ५० लाख किंवा त्यापुढच्या व्यवहारात विकणाऱ्याच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी तुमची, म्हणजे घेणाऱ्याची. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च किमतीच्या वर असतो, तो यादीत कुणी धरत नाही.

धंदा. जो धंदा तुम्ही लॉटरीआधी कधी करून बघितला नाही, तो लॉटरीच्या पैशाने सुरू करू नका. मेहुण्याची हॉटेलची कल्पना कितीही चांगली असली तरी.

९. विवरणपत्र, वारस आणि फाइल

विवरणपत्र भरायची मुदत ३१ जुलै. लॉटरीचं उत्पन्न आयटीआर-१, म्हणजे ‘सहज’मध्ये दाखवता येत नाही, पगारदारांसाठी आयटीआर-२ लागतो. दरवर्षी फुकटात सहज भरून देणारा ओळखीचा माणूस इथे गडबड करू शकतो, फॉर्म कोणता भरतोय ते विचारा.

प्रत्येक ठेवीवर नॉमिनी नोंदवा. तेवढ्याने मालकी ठरत नाही, त्यामुळे मृत्युपत्रही करा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत.

तिकिटाची झेरॉक्स, दाव्याची पोच, टीडीएस प्रमाणपत्र, कराची चलनं, विवरणपत्राची पावती आणि पैसे जमा झाल्याची पासबुकातली नोंद हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. चार वर्षांनी घर घेताना ‘एवढे पैसे आले कुठून?’ असं बँक किंवा आयकर खातं विचारू शकतं, तेव्हा हीच फाइल टेबलावर ठेवायची.